गंधारातला मासा

तिसऱ्यांदाही माझी काडी त्याच वाटीवर पडली, आणि धारेवाडीच्या घाटावर बसलेल्या चारशे माणसांपैकी तीनशेंनी एकदमच कच्ची कैरी चावल्यासारखं तोंड केलं. उरलेली शंभर झोपली होती. त्यांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही.

चैत्रातली दुपार कलत आली होती. घाटाच्या वरच्या पायरीवर मांडव, मांडवात मी, आणि माझ्यापुढे अर्धगोलात मांडलेल्या चिनीमातीच्या अठरा वाट्या. प्रत्येकीत नदीचं पाणी. खाली वारणा, गावाची माई, इतकी संथ होती की ती वाहते आहे की नुसती पडून ऐकते आहे ते कळत नव्हतं. तिच्यावरून उठलेला उजेड मांडवाच्या छताला लागून हलत होता. त्यामुळे सगळी माणसं पाण्याखाली बसल्यासारखी दिसत होती. अशा वेळी चूक झाली तरी आधी खरी वाटत नाही. पहिल्यांदा तो स्वर निघाला तेव्हा मला वाटलं, दुसऱ्याच कुणीतरी वाजवला. दुसऱ्यांदा वाटलं, नदीपलीकडून आला. तिसऱ्यांदा मात्र मी वाटीत डोकावलो आणि पाणी कमी दिसलं.

जलतरंगाचं गणित सोपं आहे. वाटीत पाणी जास्त तर स्वर खाली, पाणी कमी तर स्वर वर. एका रागातून दुसऱ्या रागात जाताना चमच्यानं पाणी घालायचं किंवा काढायचं. आधी मी गौडसारंग वाजवला होता. त्यात गंधार चढा. पुढे भीमपलासी घ्यायचा होता, त्यात गंधार उतरलेला. निषाद उतरवून झाला होता. राहिल्या गंधाराच्या दोन वाट्या, मधली आणि वरची; त्यांत दीड-दीड चमचा पाणी घालायचं. मधल्या वाटीत मी घातलं. वरच्या वाटीवर चमचा नेला, आणि नेमके तेव्हाच नदीच्या उत्सवाचे प्रमुख तात्या इनामदार हार घेऊन आले. मी चमचा ठेवला, मान वाकवली, नमस्कार केला. झालं. वरचा गंधार तसाच चढा राहिला. जोवर खालच्या वाट्यांवर रेंगाळत होतो तोवर कुणाला पत्ता नव्हता. गत जलद झाली, हात वर चढला आणि घाटावर कैरी फुटली.

माझ्या उजव्या अंगाला तबल्यावर मिरजेचे अमीनभाई मुल्ला होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त डग्ग्याचा घुमारा असा वाढवला, की चौथी चूक झालीच तर ती त्यात बुडून जावी. चौथी झाली नाही, कारण पुढचं सगळं मी ती वाटी चुकवत वाजवलं. दात दुखणारा माणूस एकाच गालानं जेवतो, तसं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक पांढरं मुंडासं उठलं. पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि पायऱ्या उतरून निघून गेलं. ते माझे वडील, आबा.

आम्ही गुरव. देवळात पूजा करायची, पत्रावळ्या लावायच्या आणि सनई वाजवायची, हे पाच पिढ्यांचं. मीही सनईच वाजवायचो. पण एकोणिसाव्या वर्षी माझे पुढचे दोन दात गेले. कसे गेले, हे मी आजवर सात तऱ्हांनी सांगितलं आहे, त्यामुळे आता माझं मलाच नक्की आठवत नाही. एका तऱ्हेत बैल आहे, एकीत लग्नातला लाडू. दात गेले तशी सनईवरची पकड गेली. मी सांगलीला जाऊन जलतरंग शिकलो. आबांना ते पटलं नाही. ते त्याला वाद्य म्हणायचे नाहीत, 'दौल्याच्या कपबश्या' म्हणायचे. शेवटी एकदा म्हणाले होते, "धारेवाडीच्या माईम्होरं वाजीव. तिथं निभावलं तर तुझ्या कपबश्यांना वाद्य म्हणीन. न्हाई निभावलं तर गुमान पत्रावळ्या लावाय घरला ये."

त्या दिवशी मी सव्वीस वर्षांचा होतो आणि निभावलं नव्हतं.

टाळ्या झाल्या. उपाशी पाहुण्याला 'जेवून आलात ना' असं विचारावं, तशा टाळ्या. मी उठलो आणि देवळामागच्या चिंचेखाली जाऊन बसलो. तासभर तरी बसलो असेन. उन्हाचे कवडसे अंगावरून हळूहळू सरकत होते आणि दर कवडशागणिक मला तो चढा गंधार ऐकू येत होता. एक कावळा ओरडला, तोही त्याच स्वरात.

अमीनभाई आले. शेजारी बसले. पानाचा डबा उघडला.

"पान घेणार का दौलतराव?"

"नको."

"बरं. मीच दोन खातो."

त्यांनी दोन्ही विडे एकदमच तोंडात कोंबले. मग म्हणाले, "मी एकदा सोळा मात्रांच्या ठेक्यात पंधराव्या मात्रेला सम दिली. गवयानं माझ्याकडं असं बघितलं, की डग्ग्याची शाई उडाली. कसम सांगतो, निम्मी शाई उडाली."

"मग?"

"मग काय. लोकांनी टाळी दिली. त्यांना वाटलं, काहीतरी अवघड केलं यानं."

"म्हणजे सुटलात तुम्ही."

"कुठला सुटतोय. घरी आलो आणि तबला झाकून ठेवला. सात दिवस हात लावला नाही. आठव्या दिवशी बघतो तर बायकोनं तबल्यावर लोणच्याची बरणी ठेवलेली. म्हणाली, रिकामा होता, म्हणून ठेवली. तेव्हा उठलो."

मी हसलो नाही. "मी उद्या वाजवणार नाही, अमीनभाई."

त्यांचं चघळणं थांबलं. धारेवाडीची रीत त्यांनाही ठाऊक होती. पहिल्या दिवशी दुपारी लोकांसाठी वाजवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त नदीसाठी. त्या बैठकीला वाजवणारा शेवटच्या पायरीवर, नदीकडे तोंड करून बसतो. लोक पाठीमागे. टाळी वाजवायची नाही, वाहवा करायची नाही. आणि जो पहिली बैठक करून दुसरी टाळतो, त्याची सेवा अर्धी राहते. त्याला धारेवाडी पुन्हा बोलावत नाही, आणि धारेवाडी बोलावत नाही म्हटल्यावर आसपासची चाळीस गावंही बोलावत नाहीत.

"सेवा अर्धी राहील," अमीनभाई म्हणाले.

"राहू दे. आता पाणी सोडायला जायचंय ना नदीत, तेव्हा वाट्याही सोडणार आहे."

"वाट्या चांगल्या आहेत हो. एखादी मला द्या, चहाला."

वाजवलेलं पाणी दिवस मावळायच्या आत वाजवणाऱ्यानंच नदीला परत द्यायचं, हीही तिथली रीतच. आम्ही दोघं मांडवात आलो. मांडव रिकामा होता. वाट्या तशाच अर्धगोलात पाण्यासकट बसल्या होत्या. आम्ही एकेक करून त्या खालच्या पायरीवर नेल्या. तिथं सरूमावशी देवळाची भांडी घासत होती. मी खर्जापासून सुरुवात केली. वाटी उचलायची, नदीत ओतायची, बाजूला ठेवायची. पाणी पाण्यात जाताना आवाजही होत नव्हता. सगळ्यांचं पाणी ओतून झालं की रिकाम्या वाट्या एकदमच ढकलून द्यायच्या, असं मी ठरवलं होतं.

वरच्या गंधाराची वाटी उचलली आणि हात थांबला.

वाटीत मासा होता. करंगळीच्या पेराएवढी मासोळी, चांदीच्या तारेसारखी. पांढऱ्या वाटीत ती गोल गोल फिरत होती, आणि तिच्या फिरण्यानं उठणाऱ्या कडा मावळतीच्या उन्हात सोन्यासारख्या पसरत होत्या. मी त्या वाटीत किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. मला वाटलं, मीच त्या वाटीत आहे आणि वरून कुणीतरी वाकून बघतं आहे.

अमीनभाई माझ्या खांद्यावरून डोकावले. "अरे बाबा. हा होता होय आत. तरी म्हटलं, आपल्या दौलतरावांचा गंधार असा नाचायला कशानं लागला."

सरूमावशीनं हातातलं तांब्याचं घंगाळ खाली ठेवलं, राखेचे हात तसेच जोडले. "माईनं धाडली तिला," ती शांतपणे म्हणाली. "ऐकाय."

आणि ती भांडी तिथंच टाकून गावात गेली.

सरूमावशी गावात पोचली तेव्हा मासोळी बोटाएवढी होती. दिवे लागेपर्यंत ती वीतभर झाली. जेवणं उरकेस्तोवर तिच्या नाकात नथ आली. तात्या इनामदार स्वतः आले. मासोळीला हळदकुंकू वाहिलं गेलं. त्यातलं निम्मं पाण्यात पडलं आणि ती बिचारी शिंकली असावी. मग वाजतगाजत तिला नदीत सोडलं. ज्या तीनशे तोंडांनी दुपारी कैरी चावली होती, तीच आता मला म्हणत होती, "तरी आम्हाला वाटलंच होतं. आवाजात काहीतरी जिवंत हुतं बघा." पंगतीत माझ्या पानात तीन पुरणपोळ्या जास्त पडल्या. वर कुणी म्हणालं, "उद्या सकाळी समद्यांनी यायचं. माई काय धाडती बघू."

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. सकाळी वाट्या भरताना ते पाणी मी माझ्या हातानं, उपरण्याची चार पदरी घडी करून गाळलं होतं. त्यातून मासोळी तर सोडाच, मासोळीच्या मनातला विचारही आत आला नसता. आणि दुसरं म्हणजे, वाटीत मासा पडला की पाणी चढतं आणि पाणी चढलं की स्वर उतरतो. माझा स्वर चढलेला होता. म्हणजे माशानं काही केलंच असतं, तर माझी चूक थोडी सावरली असती. हे त्या अख्ख्या गावात फक्त मला कळत होतं. पण मी बोललो नाही, पोळ्या खाल्ल्या. इतकी गोड आणि इतकी न उतरणारी पुरणपोळी पुन्हा कधी खाल्ली नाही.

देवळाच्या ओवरीत झोपलो. स्वप्नात माझ्या अठराच्या अठरा वाट्यांत मासे होते. काडी न लावता वाजत होते, एकेकाचा एकेक स्वर. फक्त वरच्या गंधाराची वाटी रिकामी होती, आणि सगळे मासे तिच्याकडे बघत होते.

उजाडल्यावर खाली आलो तर आबा शेवटच्या पायरीवर बसले होते. पाय पाण्यात. हातावर तंबाखू मळत होते. काल उठून गेल्यापासून ते मला दिसले नव्हते. मी दोन पायऱ्या वर उभा राहिलो.

"आबा."

"हं."

"मासा नव्हता."

"कसा न्हवता? समद्या गावानं बघितला."

"होता, पण त्यानं काही झालं नाही. तात्या हार घालायला आले आणि मी पाणी घालायचं विसरलो. माझी चूक होती."

आबांनी तंबाखू दाढेखाली धरली, हात झटकले. "ठावं हाय."

"कसं ठाऊक?"

"मासा म्याच टाकला."

नदीवर धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. आबा त्या नसलेल्या काठाकडे बघत बोलत होते.

"तासभर गुडघाभर पाण्यात पंचा धरून हुबा हुतो. एक घावंना. ह्या वयात बापाला मासं धराय लावलंस. शेवटाला ती एवढीशी घावली. तुझ्या त्या वाटीत सोडली आन् गेलो."

मला जे सुचू नये तेच सुचलं. "पण आबा, ते उलटं झालं. मासा टाकला की स्वर उतरतो. माझा चढला होता."

आबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मला काय ठावं लेका? आमच्या सनईत मासा जात न्हाई."

मी खाली त्यांच्या शेजारी बसलो. पाय पाण्यात सोडले. पाणी रात्रभर गार होऊन बसलं होतं.

"कशापायी केलंत?"

"लोकांच्या तोंडाला कायतरी लागतं. न्हाई दिलं तर तुला चघळत बसली असती. त्यास्नी मासा दिला. आता तुझं तू बघ."

"मी वाजवत नाही, आबा. तुम्ही पूर्वी म्हणाला होतात, ते मान्य आहे मला. पत्रावळ्या लावतो."

"पत्रावळ्या?" आबांनी पाण्यात पिंक टाकली, मग माईची आठवण होऊन कानाला हात लावला. "तुला येत्यात व्हय? गेल्या साली तुझ्या हातच्या पत्रावळीतनं आमटी गळून पाटलाच्या मांडीवर गेली. अजून लंगडतोय त्यो. पत्रावळ्या लावतो म्हणं. बापाचं नाव घालवाय दोन-दोन धंदं कशाला पायजेत? एक पुरं हाय."

वर पायऱ्यांवर माणसं जमायला लागली होती. अमीनभाई एका बगलेत तबला, एका बगलेत डग्गा घेऊन उतरले. त्यांनी आम्हा दोघांकडे बघितलं. तबला मांडला आणि माझ्या वाट्यांची टोपली माझ्या पुढ्यात सरकवली. "वाट्या बुडवायच्या असल्या तर आत्ताच बुडवा," ते हळूच म्हणाले. "म्हणजे मीही चहा पिऊन झोपतो."

मी टोपलीकडे बघितलं. मग एक वाटी काढली आणि नदीत बुडवली. भरून वर काढली.

सकाळचा राग तोडी. त्यातला गंधार भीमपलासीच्या गंधारापेक्षाही किंचित खाली. मधल्या वाटीत चमच्यानं पाणी घातलं, काडी लावली, आणखी चार थेंब घातले. जुळला. वरच्या वाटीवर आलो. एक चमचा. अर्धा. पुन्हा काढला. काडी लावायचा धीरच होईना. पाणी हलत होतं, त्यात माझं तोंड हलत होतं. शेवटी नजरेच्या अंदाजानं सोडून दिली आणि मनाशी म्हटलं, कालच्यासारखीच हिला चुकवून वाजवू. नदीला काय कळतंय.

"सूर कोण धरणार?" अमीनभाईंनी विचारलं.

मी बोलायच्या आत आबांनी कमरेची सनई काढली. त्यांनी माझ्या कपबश्यांना आजवर कधी साथ केली नव्हती. तोंडाशी धरायची जिभाळी ओठांत ओली केली, षड्ज लावला.

आबांच्या दमाची गोष्ट सगळ्या पंचक्रोशीत सांगतात. एका लग्नात नवरदेव वेशीवर आला तेव्हा त्यांनी सूर धरला आणि मधे श्वास न दिसता तो जो लांबवला, तो म्हणे बारशालाच सोडला. मी ते बारसं पाहिलेलं नाही, पण सूर ऐकलेला आहे. त्या सकाळी तो सूर घाटावर असा भरला की धुकंसुद्धा जरा मागे सरकलं. माझ्या वाट्यांचा नाजूक आवाज त्यात पार बुडून गेला. मागच्या लोकांना तर सोडाच, वीतभरावर बसलेल्या मलाही माझी काडी नीट ऐकू येईना.

आणि गंमत अशी, की त्यामुळेच माझा हात सुटला. ऐकूच येत नाही म्हटल्यावर भ्यायचं कुणाला? खालच्या वाट्या, मधल्या वाट्या, पुन्हा खालच्या. अमीनभाईंचा ठेका बोटीसारखा डुलत होता. डोळ्यांसमोर फक्त पाणी, वाट्यांतलं आणि वाट्यांपलीकडचं, आणि कुठलं कुठं संपतं ते कळेनासं झालं होतं. गत जलद झाली. सूर चढत गेले. वरचा षड्ज, त्यावरचा ऋषभ. पुढची वाटी कुठली हे माझ्या लक्षात आलं तेव्हा हात आधीच उचललेला होता. आता ती चुकवता येणार नव्हती, पण काळजी नव्हती. सनई होती. बरोबर लागो की चूक, कुणालाच कळणार नव्हतं.

काडी खाली येत होती आणि सनई थांबली.

अमीनभाईंचाही हात त्या शांततेत अधांतरी राहिला. सबंध नदीवर काहीही वाजत नव्हतं. त्यात माझी काडी वरच्या गंधारावर पडली, आणि तो एकटा वाजला.

बरोबर होता. थेंबभर पाणी इकडेतिकडे असेल, पण बरोबर होता. पाण्यावरून घसरत, धुक्यातून पलीकडे गेला. तिकडून काही परत आलं नाही. मागे चारशे माणसं होती, रीतीप्रमाणे एकही बोललं नाही. मी पुन्हा त्याच वाटीवर काडी मारली. मग पुन्हा. तीन वेळा. मग अमीनभाईंनी सम दिली आणि आम्ही पुढे निघालो. आबा मात्र मांडीवर सनई ठेवून नुसते ऐकत बसले होते.

उठल्यावर मी त्यांना विचारलं, "मधेच का थांबलात?"

"दम तुटला," ते म्हणाले, आणि पंचा झटकून पायऱ्या चढायला लागले.

त्यानंतर ते बारा वर्षं जगले आणि अगदी शेवटच्या दिवाळीपर्यंत वाजवत होते. त्यांचा दम तुटलेला मी ऐकला, तो तेवढा एकदाच.